एका पंगतीचे छात्रालय
अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांची जीवनकहाणी

रमजानच्या संध्याकाळी अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या मोहम्मद अली रोडवर मगरिबच्या अजानची वाट पाहत दस्तरखान पसरले जातात. खजुराचे ताट फिरते. शेजारी कोण बसले आहे, त्याचा धंदा काय, त्याची ऐपत किती, हे त्या वेळी कोणी पाहत नाही. अनेक ठिकाणी गल्लीतले हिंदू मित्रही इफ्तारला येऊन बसतात. शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून जेवणे ही आज इतकी साधी गोष्ट वाटते, की तिच्यासाठी कधी कोणाला भांडावे लागले असेल यावर विश्वास बसत नाही.

पण याच अमरावतीत शंभर वर्षांपूर्वी कुणबी, माळी, तेली आणि महार मुलांनी एका रांगेत बसून जेवणे हा गावभर चर्चेचा विषय होता. मुले शिकायला शहरात येत, पण राहणार कुठे आणि जेवणार कोणाकडे, या एका प्रश्नावर अनेकांचे शिक्षण संपत असे. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी एक छात्रालय उघडून दिले, ते डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, आणि वऱ्हाडातले क्वचितच एखादे गाव असेल जिथल्या कोणी ना कोणी त्यांच्या संस्थेच्या शाळेत पाटी धरली नाही. नाव मात्र फलकावर गेले की माणूस विसरला जातो. म्हणून ही कहाणी पुन्हा सांगण्याजोगी आहे.

पापळ ते ऑक्सफर्ड

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम, देशमुखी वतनावरून देशमुख झालेले. घर शेतकऱ्याचे. त्या वेळचा वऱ्हाड कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचा आणि प्रत्यक्षात इंग्रजांच्या ताब्यातला होता. १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. कापसाच्या पैशाने अमरावती आणि अकोला ही शहरे वाढत होती, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघत होते, पण कापूस पिकवणाऱ्याच्या घरात अक्षर नव्हते. कर्ज किती घेतले आणि फेडले किती, हे सावकाराच्या वहीत लिहिलेले असे आणि ती वही शेतकऱ्याला वाचता येत नसे.

पापळच्या शाळेतून चांदूर रेल्वे आणि तिथून अमरावतीचे हिंदू हायस्कूल, असा पंजाबरावांचा प्रवास झाला. १९१८ मध्ये मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तिथले शिक्षण पुरे होण्याआधीच त्यांनी विलायतेला जायचे ठरवले. शेतीवर जगणाऱ्या घराला हा खर्च झेपणारा नव्हता. कर्ज झाले, ओढाताण झाली, तरी १९२० मध्ये मुलगा बोटीत बसला.

एडिंबरो विद्यापीठात त्यांनी एम. ए. केले, कायद्याचा अभ्यास करून ते बॅरिस्टर झाले आणि ऑक्सफर्डमधून डॉक्टरेट मिळवली. डॉक्टरेटचा विषय लक्षात ठेवण्यासारखा आहे. वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा तो विषय. पुढे १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो ग्रंथरूपात छापला.

या विषयाचे वजन समजण्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागते. पंजाबराव जन्मले त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतच कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण पेटले होते. खुद्द छत्रपती शाहू महाराजांना वेदमंत्रांनी धार्मिक विधी करून घेण्याचा अधिकार आहे की नाही, यावर तिथे रणकंदन झाले. राजाची ही गत, तर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पोराने वेदांना हात लावणे ही गोष्ट गावात कल्पनेतही बसणारी नव्हती. त्याने वेद वाचले, संस्कृतात वाचले आणि त्यावर जगाने मान्य करावा असा ग्रंथ लिहिला. जे ज्ञान आपल्यासाठी नाही असे पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले, ते मिळवता येते हे त्याने आधी स्वतःवर सिद्ध करून घेतले. पुढच्या चाळीस वर्षांचे काम याच अनुभवातून निघाले.

राहायचे कुठे?

१९२६ मध्ये पंजाबराव अमरावतीला परतले आणि वकिली करू लागले. विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरला मुंबई-नागपुरात मोठी वकिली मिळाली असती. ते अमरावतीत राहिले. परतल्याबरोबर त्यांनी बहुजन मुलांसाठी मराठा हायस्कूल सुरू केले, शेतकऱ्यांची संघटना उभी केली आणि तिचा आवाज म्हणून महाराष्ट्र केसरी हे पत्र चालवले.

शाळा निघाली तेव्हा खरी अडचण समोर आली. खेड्यातला मुलगा शाळेत नाव घालू शकत होता, पण शहरात त्याला छप्पर नव्हते. सवर्ण मुलाला नातेवाइकाकडे किंवा जातीच्या घरी वार लावून जेवता येई. अस्पृश्य मुलाला खोली कोणी देत नसे, खानावळीत पान मिळत नसे, विहिरीवर पाणीही मिळत नसे. शिक्षण सर्वांना खुले आहे असे कायदा म्हणत होता, आणि तरीही मुलगा महिन्याभरात गावी परत जात होता.

महाराष्ट्रात या प्रश्नावर आधी काम झाले होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची मालिका उभी केली. मराठा विद्यार्थ्यांसाठी, जैनांसाठी, लिंगायतांसाठी, मुस्लिमांसाठी, अस्पृश्यांसाठी अशी वेगवेगळी बोर्डिंगे निघाली. मुस्लिम बोर्डिंग १९०६ सालचे. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांची जबाबदारी घ्यावी आणि राज्याने हात द्यावा, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता आणि त्याने हजारो मुले शिकली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये दुसरी वाट धरली. सगळ्या जातींची मुले एकाच बोर्डिंगात ठेवायची, ही ती वाट.

पंजाबरावांनी अमरावतीत हीच दुसरी वाट निवडली. १९२७ मध्ये श्रद्धानंद छात्रालय सुरू झाले. तिथे सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत आणि एकत्र जेवत. अस्पृश्य मुलांसाठी वेगळी खोली, वेगळे भांडे, वेगळी चूल असली तर छात्रालय चालवणे खूप सोपे गेले असते. देणगीदार नाराज झाले नसते, पालकांनी मुले काढून नेली नसती. पंजाबरावांनी ती सवलत घेतली नाही. कारण वेगळ्या चुलीवर जेवून शिकलेला मुलगा वकील झाला, मामलेदार झाला, तरी वेगळी चूल डोक्यात घेऊनच झाला असता.

छात्रालयाचे नावही त्या काळाची खूण सांगते. स्वामी श्रद्धानंदांची डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत हत्या झाली होती आणि मारेकरी मुसलमान होता. त्या हत्येने देशभर हिंदू-मुस्लिम कटुता वाढली. याच स्वामींनी सात वर्षांपूर्वी, १९१९ मध्ये, दिल्लीच्या जामा मशिदीतून हिंदू-मुस्लिम जमावासमोर भाषण केले होते, हेही खरे. अस्पृश्यतेविरुद्धचे त्यांचे काम मोठे होते आणि छात्रालयाला त्यांचे नाव मिळाले ते त्या कामाशी जुळणारे होते. त्या वर्षांत देशात भिंती उंच होत होत्या. अमरावतीतल्या या एका घरात निदान जातीची भिंत खाली आणण्याचा प्रयत्न चालला होता.

१९२७ हेच साल त्यांच्या घरच्या आयुष्यातही महत्त्वाचे ठरले. त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केले. विमलाबाई सोनार समाजातल्या. बॅरिस्टर झालेल्या देशमुखाच्या मुलाने जातीबाहेर लग्न करणे हे आप्तांना मानवणारे नव्हते. पण दुसऱ्यांच्या मुलांना एका पंगतीत बसवणाऱ्याने स्वतःचे घर जातीच्या आत ठेवले असते, तर त्या पंगतीला अर्थ उरला नसता. विमलाबाई पतीच्या कामात अखेरपर्यंत सोबत राहिल्या आणि पुढे राज्यसभेच्या सदस्यही झाल्या.

मंदिर आणि विहीर

त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला. वऱ्हाडची ही कुलस्वामिनी, नवरात्रात जिच्या दर्शनाला गावोगावचे लोक येतात, तिच्या दारात अस्पृश्यांना येऊ दिले जात नव्हते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. गणेश आकाजी गवई यांच्यासारखे वऱ्हाडातले अस्पृश्यांचे पुढारी तिथे होते, पंजाबराव होते, आणि मंदिराच्या व्यवस्थेशी संबंधित असलेले दादासाहेब खापर्डेही चर्चेत होते. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी मिळाली. डोक्यावर हे दुःख असताना त्यांनी काम पुढे चालवले. मंदिराच्या पंचांना विचार करायला मुदत द्यावी आणि सत्याग्रह तूर्त पुढे ढकलावा, असे ठरले.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमधला, आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मधला. या दोन नावांच्या मध्ये अमरावतीची अंबादेवी येते, हे वऱ्हाडातही फारसे कोणाला आठवत नाही.

मंदिराचे दार पंचांच्या हातात होते, पण विहिरींची गोष्ट वेगळी होती. १९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि जे आपल्या हातात आहे ते त्यांनी लगेच केले. कौन्सिलच्या अखत्यारीतल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्यात आल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याकडे त्यांनी पावले टाकली.

विहीर आणि शाळा हे दोन निर्णय वेगवेगळे दिसतात, पण खेड्यातल्या मुलासाठी ते एकच होते. शाळेत मुलाला दुपारी तहान लागते. विहिरीवर जाता येत नसेल तर वरून कोणी ओंजळीत पाणी ओतेपर्यंत त्याला उभे राहावे लागे. बाबासाहेबांच्या स्वतःच्या शाळेची आठवण हीच आहे. मुलाला शाळेत बसवायचे असेल तर आधी त्याच्या पाण्याची सोय करावी लागते, हे अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला कळले होते.

देवस्थानाचा पैसा, सावकाराची वही

१९३० मध्ये पंजाबराव मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण, शेती यांसारखी खाती त्यांच्याकडे आली. वय बत्तीस. मंत्रिपदाच्या जेमतेम तीन वर्षांत त्यांनी दोन गोष्टींना हात घातला आणि दोन्ही त्यांच्या स्वभावाची साक्ष देतात.

पहिली म्हणजे हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक. मोठ्या देवस्थानांकडे जमा होणारे उत्पन्न पूजाअर्चा भागवून उरते, ते शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामांसाठी वापरावे, असा त्याचा आशय होता. धर्मात हस्तक्षेप म्हणून त्यावर मोठा गदारोळ झाला आणि विधेयक तडीला गेले नाही. प्रश्न मात्र संपला नाही. मंदिर असो, दर्गा असो, वक्फची जमीन असो की गुरुद्वारा, देवाच्या नावाने जमलेल्या पैशातून शेजारच्या वस्तीतल्या मुलीची फी भरली जाते का, हे कोणत्याही धर्माच्या विश्वस्ताला आजही विचारता येते. नव्वद वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका मंत्र्याने हा प्रश्न आपल्याच धर्माच्या लोकांना विचारला आणि त्याची किंमत मोजली.

दुसरी गोष्ट शेतकऱ्यांच्या कर्जाची. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि जमिनी सावकाराच्या घशात जाऊ लागल्या. मध्यप्रांतात १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा आला. धनको आणि ऋणको यांना लवाद मंडळासमोर बसवून कर्जाची रक्कम तडजोडीने ठरवायची, हप्ते बांधून द्यायचे, अशी त्याची रचना होती. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी या कायद्याशी पंजाबरावांचे नाव कायमचे जोडले. शिक्षणाशी याचा संबंध थेट होता. ज्या घराची जमीन जाते, त्या घराच्या मुलाची शाळा पहिल्यांदा सुटते. मुलीची तर त्याच्याही आधी.

शिवाजी शिक्षण संस्था

१९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. सुरुवातीच्या एका हायस्कूलपासून ती पसरत गेली. १९४६ मध्ये अमरावतीत शिवाजी महाविद्यालय निघाले, १९५४ मध्ये अकोल्यात. आज अकोल्याच्या शिवाजी महाविद्यालयाच्या फाटकातून रोज सकाळी आत जाणाऱ्या मुला-मुलींकडे पाहिले तर या संस्थेने काय केले ते आकड्यांशिवाय कळते. बार्शीटाकळी, पातूर, बाळापूरच्या बाजूने एस. टी.ने येणारी शेतमजुरांची मुले, जुन्या शहरातून बुरखा घालून स्कूटीवर येणाऱ्या मुली, बौद्ध वस्त्यांमधली पहिल्या पिढीची शिकणारी मुले, सगळी एकाच वर्गात बसतात आणि एकाच कँटीनमध्ये चहा पितात.

पंजाबरावांना महाविद्यालये खेड्यांच्या जवळ न्यायची होती आणि शिक्षणाचा आशयही खेड्याला उपयोगी पडावा, असे वाटत होते. याच विचारातून अमरावतीत शिवाजी लोकविद्यापीठ उभे राहिले. केंद्र सरकारने १९५६ मध्ये ग्रामीण उच्च शिक्षणाची योजना आखली तेव्हा देशातल्या निवडक ग्रामीण संस्थांमध्ये अमरावतीचा समावेश झाला. शेतकऱ्याच्या मुलाने पदवी घेऊन गाव सोडावे, एवढ्यावर समाधान मानणारे हे शिक्षण नव्हते. त्याने शेती, सहकार, आरोग्य शिकून गावाला उभे करावे, ही अपेक्षा त्यात होती. ती सर्वच ठिकाणी पुरी झाली असे म्हणता येणार नाही. पण विद्यापीठाचे दार कोणत्या दिशेला उघडावे, हा प्रश्न त्यांनी विचारला.

घटना समितीतले दोन प्रसंग

मध्ये काही काळ देवास संस्थानाच्या कारभारात राहून पंजाबराव पुन्हा देशाच्या राजकारणात आले आणि घटना समितीचे सदस्य झाले. तिथल्या त्यांच्या कामातले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावे लागतात.

पहिला प्रसंग मागासवर्गीयांचा. सरकारी नोकऱ्यांत आणि शिक्षणात खेड्यातल्या, शेती करणाऱ्या, पिढ्यान् पिढ्या मागे राहिलेल्या समाजांना वाटा मिळावा, यासाठी पंजाबरावांनी घटना समितीत सातत्याने आवाज उठवला. शहरातल्या मूठभर जातींनी सगळ्या जागा व्यापल्या तर स्वातंत्र्याचा अर्थ खेड्यापर्यंत पोहोचणार नाही, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा असे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय मागासवर्ग महासंघाचे ते अध्यक्ष झाले. पुढे घटनेच्या ३४०व्या कलमानुसार १९५३ मध्ये काका कालेलकर आयोग नेमला गेला, त्यामागे अशा संघटनांचा रेटा होता. विदर्भातल्या शेतकरी समाजाने कुणबी अशी नोंद करावी, हा त्यांचा आग्रह आजच्या आरक्षणाच्या वादांत पुन्हा पुन्हा आठवला जातो.

दुसरा प्रसंग ११ ऑगस्ट १९४९ चा. नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा चालू होती. पंजाबरावांनी एक दुरुस्ती मांडली. दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू आणि शीख व्यक्तीला, ती जगात कुठेही राहत असली तरी, भारताचे नागरिकत्व मिळण्याचा हक्क असावा, अशी ती दुरुस्ती होती. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, निर्वासितांचे लोंढे थांबले नव्हते, आणि मसुद्यातल्या तरतुदी फार सैल आहेत असे त्यांना वाटत होते. पण त्या यादीत मुसलमान नव्हते, ख्रिस्ती नव्हते, पारशी नव्हते. दुसऱ्या दिवशी अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या सदस्यांनी नागरिकत्वाला धर्माची कसोटी लावण्यास विरोध केला. पंडित नेहरूही मसुद्याच्या बाजूने बोलले. दुरुस्ती नामंजूर झाली आणि घटनेने जन्म, आई-वडील आणि वास्तव्य यांच्या आधारे नागरिकत्व ठरवले.

भाऊसाहेबांच्या चरित्रांत हा प्रसंग सहसा दिसत नाही. तो झाकून ठेवण्याने त्यांचा मान वाढत नाही. ज्या माणसाने जातीची भिंत पाडायला स्वतःचे घर, पैसा आणि पद पणाला लावले, त्याला त्या एका दिवशी दुसरी भिंत दिसली नाही. पंगतीत कोणाला बसवायचे हे ठरवताना माणूस आपल्या काळाच्या भयातून बाहेर पडेलच असे नाही, मग तो कितीही मोठा असो. त्या दिवशी सभागृहातल्या इतरांनी त्यांना अडवले, आणि त्यांनी तो निर्णय मानून त्याच घटनेखाली पुढची पंधरा वर्षे काम केले, हेही त्या प्रसंगाचाच भाग आहे. एका माणसाची नजर जिथे कमी पडते तिथे सभा कामाला येते. म्हणूनच निर्णय घेणाऱ्या खोलीत सगळ्या प्रकारची माणसे असावी लागतात.

त्यांनी उभ्या केलेल्या संस्था मात्र त्यांच्या त्या दुरुस्तीपेक्षा मोठ्या निघाल्या. शाळेच्या दारात जातीची अट काढली की धर्माची अट तिथे फार काळ टिकत नाही. वऱ्हाडातल्या कितीतरी मुस्लिम घरांतला पहिला पदवीधर शिवाजीच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला आहे.

दिल्ली आणि शेवट

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत पंजाबराव लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात कृषिमंत्री झाले. अन्न आणि शेती खात्याची धुरा तेव्हा रफी अहमद किडवई यांच्याकडे होती. देशात धान्याची टंचाई होती, रेशनची बंधने होती. किडवई धान्यावरील नियंत्रणे सैल करत होते, तर पंजाबराव शेतात काय पिकेल ते पाहत होते. भाताच्या जपानी पद्धतीच्या लागवडीचा त्यांनी देशभर प्रचार केला. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. उद्घाटनाच्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवरही हजर होते. पापळच्या शिवारातला माणूस जगातल्या शेतीला दिल्लीत घेऊन आला होता.

१९६२ मध्ये ते पुन्हा निवडून आले, पण मंत्रिमंडळात नव्हते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय सहासष्ट.

त्यांच्या पश्चात महाराष्ट्राचे कृषी विद्यापीठ राहुरीला निघाले तेव्हा विदर्भाने आपल्या विद्यापीठासाठी मोठे आंदोलन केले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव लाभले. दरवर्षी तिथे शिवार फेरी निघते, शेतकरी कुटुंबासह येतात, नवे वाण पाहतात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. विद्यापीठाच्या बांधावर शेतकरी पाहुणा म्हणून चालतो, हे दृश्य भाऊसाहेबांना आवडले असते. अमरावतीत १९८३ मध्ये वेगळे विद्यापीठ झाले आणि त्याला पुढे संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. ज्यांनी कधी शाळेत पाऊल ठेवले नाही आणि आयुष्यभर कीर्तनातून शिका म्हणून सांगितले, त्यांचे नाव विद्यापीठाला देणारा हा प्रदेश आहे.

खोली मिळेल का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये उच्च शिक्षणात समानता राखण्यासाठी नियम केले. प्रत्येक महाविद्यालयात समान संधी कक्ष असावा, भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी असावा, असे त्यात आहे. अनेक ठिकाणी या कक्षाची पाटी लागलेली दिसते. पाटी लावणे सोपे असते. १९२७ च्या छात्रालयाला पाटीखेरीज एक चूल होती आणि त्या चुलीवर शिजलेले सगळ्यांना वाढले जात होते.

जून महिन्यात अमरावती आणि अकोल्याच्या रस्त्यांवर पिशवी घेतलेली मुले आणि त्यांचे वडील खोली शोधताना दिसतात. मेळघाटातून आलेला कोरकू मुलगा असतो, वाशिमकडच्या खेड्यातला बौद्ध मुलगा असतो, अचलपूरची मुस्लिम मुलगी असते. गुण आहेत, प्रवेश झाला आहे, फीची सोय झाली आहे. घरमालक दार उघडतो आणि खोलीचे भाडे सांगण्याआधी आडनाव विचारतो. मग खोली नुकतीच गेली असे कळते. दुसऱ्या गल्लीत दुसऱ्या धर्माचा घरमालकही तेच करतो. वर्गात एका बाकावर बसणारी मुले संध्याकाळी आपापल्या वस्तीत परततात आणि तीन वर्षांत एकमेकांच्या घरचे ताट पाहत नाहीत.

पंजाबरावांनी शंभर वर्षांपूर्वी जो प्रश्न ओळखला तो हाच. पुस्तकांआधी त्यांनी खोली आणि ताटाची व्यवस्था केली, कारण शिक्षण तिथेच अडत होते. आज कायदा त्यांच्या काळापेक्षा खूप पुढे गेला आहे, महाविद्यालये कितीतरी वाढली आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. तरीही एखाद्या मुलाचे शिक्षण शहरातल्या एका बंद दारापाशी थांबू शकते.

रमजानमध्ये पाहुण्यासाठी दार उघडे ठेवण्याची रीत आहे. श्रावणात, नवरात्रात, दिवाळीत इतर घरांतही ती आहे. येत्या जूनमध्ये पिशवी घेतलेला एखादा मुलगा दारात उभा राहील, तेव्हा ही रीत महिना संपल्यावरही आपल्याला आठवते का, हे कळेल. भाऊसाहेबांच्या छात्रालयाची आठवण ठेवण्याची तीच खरी वेळ.